नाकतोडा आणि जोडपत्र सात

२ मार्च, सोमवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही. आज सकाळी चहाच्या वेळी लेकीने ती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आई, आजपासून मला तोंडाने काही सुधारायचं नाही. जे जे चुकतंय असं तुला वाटतं ते यात लिही. वही भरली की दे, मी एकदम वाचेन. तोवर मला काम करू दे."

मी म्हटलं, "वही दोनशे पानी आहे."

"माहीत आहे. बघूनच आणली."

चौतीस वर्षांची मुलगी आईशी असं बोलते. आणि कारण काय, तर काल मी तिच्या अर्जावर लाल पेन्सिल फिरवली. पहिल्या पानावर एकवीस खुणा झाल्या. त्यातल्या चार तर एकाच वाक्यात होत्या.

अर्ज कशाचा ते लिहून ठेवते, कारण उद्या कोणी वाचलं तर मला वेड लागलं असं वाटायला नको. उडत्या मोटारींची शर्यत भरवायची आहे आणि त्यासाठी सार्वजनिक क्रीडा निधीतून मदत हवी आहे. लेकीने दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली. बंद पडलेल्या बस कार्यशाळेच्या एका शेडमध्ये, तिच्या वडिलांच्या जुन्या मित्राला, म्हणजे वेल्डरला, हाताशी धरून तिने एक मोटार बांधली आहे. चार चाकांवर रस्त्याने धावते आणि आठ पंख्यांवर वर उचलली जाते. तिला ते नाकतोडा म्हणतात. गावात असे आणखी दोन महाभाग आहेत: एक दंतवैद्य आणि पेट्रोल पंप चालवणाऱ्या दोघी बहिणी. लेकीची धरून मोटारी तीन झाल्या. उडवायला जागा नाही, जाळ्या नाहीत आणि नियम तर नाहीतच. निधी मंजूर झाला तर कार्यशाळेचं मैदान त्यांना मिळेल. नाही झाला तर महिनाअखेर शेडला कुलूप लागेल आणि मैदानात भंगार पडेल. नाकतोडाही त्यातच जमा.

मी अजून तो उडताना पाहिलेला नाही. वेळ झाला नाही.

३ मार्च, मंगळवार

अर्ज ज्या छापील नमुन्यावर करायचा तो 'नमुना क' मीच तयार केलेला आहे. निधी कार्यालयाच्या छाननी विभागात मी बत्तीस वर्षं काढली. निवृत्त होऊन अकरा झाली, तरी नमुन्यातला स्वल्पविरामसुद्धा कोणी हलवलेला नाही. याचा मला आनंद आहे.

जोडपत्र सात मी नंतर घातलं. एका वर्षी एक तरुण घरी न सांगता पॅराशूट घेऊन टेकडीवरून उडाला आणि दोन्ही पाय मोडून बसला. त्याची आई माझ्या टेबलासमोर तासभर उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही." त्यानंतर मी नियम केला: हवेत उडण्याच्या कुठल्याही खेळासाठी अर्जदाराच्या घरातल्या एका प्रौढ व्यक्तीने उड्डाण प्रत्यक्ष पाहावं आणि हरकत नसल्याची सही करावी. नियम चांगला आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी ह्यांनीही एक अर्ज केला होता. हे बस कार्यशाळेत फोरमन होते. मोटर लावलेलं ग्लायडर बांधायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. अर्ज रीतसर माझ्या टेबलावर आला. एक जोडपत्र कमी होतं, कुठलं ते आता आठवत नाही. नवऱ्याचा म्हणून मी वेगळी वागणूक दिली नाही. शेरा मारला, परत केला. संध्याकाळी हे वेळेवर घरी आले, जेवले, भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मी विषय काढला नाही. ऑफिसचं काम घरी आणायचं नाही हा आमच्या संसारातला पहिला नियम, आणि तो मीच केलेला. त्यांनी अर्ज पुन्हा दाखल केला नाही. हौस फिटली असावी. उलट त्यानंतर काही दिवस ते स्वतःचा डबा आणि पिशवी स्वतः धुऊ लागले. मी मनात म्हटलं, चला, काहीतरी सुधारलं.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

६ मार्च, शुक्रवार

लेकीने दुसरा कच्चा अर्ज टेबलावर ठेवला आणि निघून गेली. तोंडाने सुधारायचं नाही म्हणते, पण कागद माझ्याच चष्म्याशेजारी ठेवते.

'क्रांतिकारी' हा शब्द सात वेळा. 'पूरग्रस्तांना तातडीची मदत', 'रुग्णांना आकाशमार्गे दवाखान्यात' वगैरे. मी वेल्डरला फोन करून विचारलं, "हवेत किती वेळ राहतो तुमचा नाकतोडा?"

"वहिनी, वारा नसेल तर एकोणीस सेकंद."

"एकोणीस सेकंदांत रुग्ण खाटेवरून उठत नाही, दवाखान्यात कसा पोहोचेल?"

तो हसत सुटला. म्हणाला, "रुग्णच आधी पळून जाईल, वहिनी. आवाज ऐकलात का?"

पुराचा आणि रुग्णाचा परिच्छेद मी पूर्ण खोडला. बाजूला लिहिलं: जे आज होत नाही ते लिहू नये. जे होतं ते आकड्यात लिहावं.

१० मार्च, मंगळवार

निधी कार्यालयात गेले. अर्ज करण्यासाठी लेकीने जी संस्था काढली आहे तिच्या सचिव म्हणून माझं नाव घातलं आहे. मला न विचारता घातलं, हे नोंदवते. पण दुसरं कोणाचं घालणार? दंतवैद्याचं अक्षर बघितलं आहे मी.

भिंती नव्याने रंगवल्या आहेत. माझ्या टेबलाच्या जागी पाण्याचं यंत्र आहे. छाननीचा प्रमुख आता माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा. मुलगा कसला, टक्कल पडलंय. मला पाहून खुर्चीतून उठला तो मी निघेपर्यंत बसलाच नाही.

"बाई, तुम्ही? अर्जदार म्हणून?"

"का? अर्जदारांना वयाची अट घातलीत का?"

"नाही, नाही. पण बाई, आता तुमचा अर्ज मी तपासायचा म्हणजे..."

"म्हणजे काय? मी शिकवलं तसा तपास. रिकामी चौकट दिसली तर काय करायचं?"

शाळेतल्यासारखा म्हणाला, "परत."

ठीक आहे. विसरलेला नाही. अठराला समितीपुढे तोंडी विचारणा, सत्तावीसला दुपारी बारा वाजता अंतिम मुदत.

१४ मार्च, शनिवार

तिसरा मसुदा बरा आहे. विशेषणं गेली. आकडे आले. जागेचा नकाशा, जाळ्यांची मापं, अग्निशामक गाडी कुठे उभी राहणार, प्रेक्षक किती अंतरावर, सगळं आहे. शर्यत कशी ते पहिल्यांदाच मला नीट कळलं: प्रत्येक फेरीत अर्धा रस्ता चाकांवर, मग मधल्या खंदकावरून उडून पलीकडे, पुन्हा चाकांवर. खंदक म्हणजे बसच्या पोटाखाली उतरून दुरुस्ती करायला केलेले ते लांब खड्डे. हे त्यातच उभे असायचे, डोकं तेवढं वर दिसायचं.

जोडपत्र सात कोरं आहे.

मी लेकीला विचारलं, "हे काय?"

"राहिलंय."

"राहून कसं चालेल? मुदत जवळ आली."

तिने कोरं पान माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाली, "त्यासाठी मैदानावर यावं लागतं, आई. उड्डाण बघावं लागतं."

"मला नियम सांगू नकोस, मी लिहिलाय. या आठवड्यात माझे गुडघे धरलेत. पुढच्या आठवड्यात बघू."

"बघू," म्हणाली आणि ताटं उचलली.

गुडघे खरोखरच धरले आहेत. काल चौथ्या मजल्यावर दोनदा चढउतार केली, एकदा पिशवी विसरले म्हणून आणि एकदा बरणीचं झाकण विसरले म्हणून. आज जाणवतंय.

१६ मार्च, सोमवार

काही विशेष नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना खाली बघितलं. चार मजले. उगाच.

१८ मार्च, बुधवार

समिती झाली. लांब टेबलापलीकडे पाच जण. अध्यक्ष म्हणून बसलेले गृहस्थ पूर्वी पोहण्याचे प्रशिक्षक होते, अजून आवाज पाण्यावरून हाक मारल्यासारखा.

ते थेट म्हणाले, "लोकांच्या करातून हा पोरखेळ कशासाठी? एखाद्या कंपनीकडे जा की. त्यांना जाहिरात हवीच असते."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर लेक उभी राहिली. घसा खाकरला नाही, हात हलवले नाहीत.

"कंपनीकडे गेलो होतो. त्यांना मोटार हवी आहे, शर्यत नको. मोटार घेऊन ते दाराला कुलूप लावतील. साहेब, गावात आज तीन मोटारी उडतात. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, त्या उडणारच. प्रश्न एवढाच आहे की त्या कुणाच्या गच्चीवरून उडणार की जाळीच्या आत, नियमाने उडणार. शर्यत म्हटली की नियम लिहावे लागतात, मोजावं लागतं, दुसऱ्याला दाखवावं लागतं. निधीचे पैसे आम्हाला मोटारीसाठी नकोत. मोटार आमची आम्ही करू. पैसे जाळीला, नियमाला आणि बघायला येणाऱ्यांना बसायला हवेत."

"आणि उपयोग काय याचा पुढे?"

"आज एकोणीस सेकंद उडते. एकोणीस सेकंदांचा काय उपयोग ते मला आज माहीत नाही. जे माहीत नाही ते मी अर्जात लिहिलेलं नाही."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. पलीकडच्या बाई काहीतरी लिहून घेऊ लागल्या. दंतवैद्य माझ्या कानात म्हणाला, "अगदी मुळापासून काढलं हो!" मी त्याला गप्प केलं.

एवढं रोखठोक, एकही फालतू शब्द न वापरता बोलायला तिला कोणी शिकवलं कोण जाणे. ह्यांचा स्वभाव असा नव्हता.

१९ मार्च, गुरुवार

समितीचं पत्र आलं: तत्त्वतः अनुकूल. खाली माझ्याच शिष्याचा लाल पेन्सिलीतला शेरा: 'जोडपत्र सात नाही. पूर्तता करून २७ रोजी दुपारी १२ पूर्वी दाखल करावे, अन्यथा अर्ज निकाली.'

शेरा बरोबर आहे. अक्षरही सुधारलं आहे त्याचं.

लेकीने पत्र वाचलं, घडी घातली, फ्रिजवरच्या चुंबकाखाली लावलं. तिला सही हवी असेल तर ती मागेल. न मागता सही देण्याची पद्धत कुठेच नाही.

२१ मार्च, शनिवार

दुपारी वेल्डर आला. लेक शेडमध्ये होती. पाणी दिलं, चहा ठेवला. टोपी हातात फिरवत बसला.

"वहिनी, एक विचारू? रागावू नका. रागावलात तरी विचारणार. सत्तरी आली, आता अजून किती वर्षं तुम्हाला घाबरू?"

"विचारा."

"पोरीने सही का मागितली नाही, माहीत आहे?"

"मागितली नाही म्हणून दिली नाही."

"तेच!" त्याने मांडीवर थाप मारली. "तेच या घरात चाललंय. फोरमननी तरी कुठे मागितली?"

मी म्हटलं, फोरमनचा इथे काय संबंध?

त्याने टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हाला खरंच... वहिनी, त्यांचा अर्ज कशामुळे परत आला होता?"

"एक जोडपत्र कमी होतं."

"कितवं?"

चहा उतू गेला, गॅस बंद करायला मी उठले.

तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "तीन आठवडे, वहिनी. तो कागद तीन आठवडे डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. मी रोज विचारायचो, झाली सही? म्हणायचे, अरे, ऑफिसचा कागद आहे, घरी चालत नाही. मग मी म्हणायचो, ऑफिसात जाऊन मागा. म्हणायचे, तिथे मागितली तर तिच्या हाताखालचे लोक काय म्हणतील? तिला अवघड होईल. शेवटी ग्लायडरची मोटर विहिरीच्या पंपाला विकली."

मी ओटा पुसला. दोनदा पुसला.

"तुम्ही चहा घेणार आहात का?" मी विचारलं.

"उरला असेल तर," म्हणाला.

२२ मार्च, रविवार

मीठ कमी आहे म्हणाले होते. कमी नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी आठला निघाले. घडीचं स्टूल, छत्री, ह्यांचं मनगटी घड्याळ आणि पेन्सिल. मैदानावर पोहोचले तेव्हा लेक मोटारीखाली आडवी होती, फक्त बूट दिसत होते. वेल्डरने मला पाहिलं आणि हातातला पाना खाली टाकला. आवाजाने ती बाहेर आली.

"आई! सांगून यायचंस ना."

"तपासणी सांगून होत नाही."

शेड मी आत जाऊन पाहिलं. जमिनीवर पिवळ्या रेघा, प्रत्येक हत्याराची भिंतीवर आकृती काढलेली, हत्यार जिथलं तिथे. दाराशी पाटी: 'घेतलेली वस्तू जागेवर ठेवावी. अपवाद नाही.' म्हटलं, हे बाकी चांगलं आहे. वेल्डर तोंड फिरवून हसला. कशाला ते समजलं नाही.

ह्यांची हत्यारांची पेटी कोपऱ्यात होती. झाकणाच्या आतल्या बाजूला एक जुना कागद चिकटवलेला. नमुना क. त्यावर माझं तेव्हाचं अक्षर, लाल: 'जोडपत्र सात नाही. परत.' खाली माझी आद्याक्षरं. घरातल्या प्रौढ व्यक्तीच्या सहीची चौकट रिकामी. त्या घरात तेव्हा प्रौढ व्यक्ती दोनच होत्या. त्यांतली एक अर्जदार.

मी तो कागद इतक्या वर्षांच्या सवयीने तपासला होता. चौकट रिकामी आहे हे पाहिलं. कोणासाठी रिकामी आहे हे पाहिलं नाही.

लेक मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबांनी लावलाय. मी काढला नाही."

"काढू नको," मी म्हटलं. "चल, उडव."

मी स्टूल जाळीच्या बाहेर मांडलं, मोजून वीस मीटरवर. तिने शिरस्त्राण घातलं. पट्टे वेल्डरने दोनदा ओढून पाहिले. मोटार त्या लांब खड्ड्याच्या दिशेने निघाली, पंखे फिरले. असा आवाज की माझी छत्री उलटी झाली. मी घड्याळ बघत होते. एकोणीस सेकंद. पलीकडे उतरली, चाकांवर धावत वळून आली.

"कसं वाटलं?" तिने काच वर करून विचारलं.

"मी घड्याळ बघत होते, वर नीट दिसलं नाही. पुन्हा."

दुसऱ्यांदा मी चाकं जमिनीवरून सुटतात कशी ते बघितलं. आधी पुढची, मग मागची. वळताना डावीकडे झुकते.

तिसऱ्यांदा घड्याळ पर्समध्ये ठेवलं आणि फक्त तिच्याकडे बघितलं. खड्ड्याच्या बरोबर वर असताना तिने खाली पाहिलं. जिथे हे उभे असायचे, तिथे. मग मान वर केली, माझ्याकडे बघून हात केला. दोन्ही हात मोटारीवरच असायला हवेत, हे मी तिला सांगणार आहे. म्हणजे इथे लिहिते आहे.

वेल्डर शेजारी येऊन म्हणाला, "वहिनी, छत्री मोडली."

"नवी घेऊ," मी म्हटलं.

परत येताना चौथ्या मजल्यावर एका दमात चढले. गुडघे ठीक आहेत.

२७ मार्च, शुक्रवार

साडेदहाला कार्यालयात. माझ्या शिष्याने प्रत्येक पान उलटलं, प्रत्येक चौकटीवर पेन्सिलीचं टोक ठेवलं. मी मध्ये बोलले नाही. जोडपत्र सातवर थांबला. शेऱ्याचा रकाना वाचून म्हणाला, "बाई, इथे तुम्ही 'वळताना डावीकडे झुकते, दुरुस्त करावे' असं लिहिलंय. हरकत नाही म्हणायची आणि दोषही दाखवायचा?"

"दोन्ही खरं आहे."

त्याने शिक्का मारला. मग हळूच विचारलं, "शर्यत झाली तर घरच्यांना आणू का?"

"वीस मीटर लांब बसायचं. छत्री आणायची नाही."

सुपूर्द केलेल्या कागदांची आणि वस्तूंची नोंद:

निधी कार्यालयास: अर्ज, नमुना क, तीन प्रती. मैदानाचा नकाशा. जाळ्यांची मापं. शर्यतीचे नियम, सोळा कलमं, मसुदा लेकीचा, विरामचिन्हं माझी. तिन्ही मोटारींची माहिती. दंतवैद्याची मी पुन्हा लिहून काढली. जोडपत्र एक ते सात, पूर्ण. पोच घेतली.

वेल्डरला: ह्यांचं मनगटी घड्याळ. शर्यतीत वेळ मोजायला. परत करण्याची अट नाही.

लेकीला: ही वही. भरलेली नाही, शंभर पंचाहत्तर पानं कोरी आहेत. तरी दिली.

तसंच, हत्यारांच्या पेटीतल्या त्या जुन्या अर्जाला लावायला एक कागद: जोडपत्र सात, माझ्या सहीचं. त्यातली 'उड्डाण प्रत्यक्ष पाहिले आहे' ही ओळ मी खोडली, कारण पाहिलं नाही. 'हरकत नाही' ही ठेवली. तारीख आजची घातली. मागची तारीख घालणं नियमात बसत नाही.